मारिबोरमधलं 'भारनियमन'

मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबांनी बंड्याला विचारलं, "काय करता?"

"द्राक्षबाग हाय. निफाडला."

"मग स्लोव्हेनियाला कशाला?"

"यांच्यासोबत चाललोय," म्हणत त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. आता बघा! बँडचा गायक हा, बोलावणं याच्या आवाजाला, आणि म्हणे यांच्यासोबत. मी मेली बास गिटार वाजवते, आणि एरवी नाशकात शाळेत भूगोल शिकवते.

आमच्या बँडचं नाव 'भारनियमन'. गिटार आणि गाणं बंड्याचं, बास माझा, ड्रमवर सलीम. सलीम आता मनमाडला रेल्वेत आहे. विशीत असताना सातपूरच्या एका रिकाम्या शेडमध्ये आम्ही वाजवायचो. त्या प्रकाराला पोस्ट-पंक म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. नाशकात त्याला 'बंद करा रे ते' म्हणायचे. कॅसेट काढली एकच. सातपूरच्याच एका कार्यक्रमात लोक बंड्याला हसले, ते त्याच्या मनाला लागलं आणि त्यानं गाणं सोडलं ते सोडलंच. पण तेव्हा एमआयडीसीत मशीन बसवायला यानेझ नावाचा स्लोव्हेनियाचा इंजिनिअर आला होता. सलीमनं त्याला कॅसेट भेट दिली. त्यानं ती मित्रांना ऐकवली, मित्रांनी पुढे इंटरनेटवर टाकली, आणि तिकडच्या मूठभर लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. यंदा दोन कार्यक्रमांचं आमंत्रण आलं. बंड्याकडून होकार मिळवताना माझ्या तोंडाला फेस आला.

व्हिएन्नाहून रेल्वेनं निघालो. डोंगर, बोगदे, हिरवी कुरणं, लाल कौलांची गावं. सलीम खिडकीला नाक लावून रूळ बघत बसला होता. "ट्रॅक एकदम मस्त है, विजू," तो म्हणाला, "पण डब्यात एक चायवाला नाय. क्या फायदा?"

ल्युब्लियाना ही राजधानी, पण शांत. मधून हिरवट नदी वाहते, वर टेकडीवर किल्ला. स्टेशनवर यानेझ उभा होता. पार टकला झालाय, पण मिठी तीच, हाडं मोडणारी. त्यानं जेवायला नेलं आणि समोर बटाट्याची कोशिंबीर आली, वर काळंहिरवं तेल ओतलेलं.

"हे गिरीस हाय का?" बंड्यानं हळूच विचारलं.

ते निघालं बुचनो ओल्ये (भोपळ्याच्या बियांचं तेल). शेंगदाण्यासारखं खमंग लागतं. बंड्यानं तीनदा मागून घेतलं.

रात्री कार्यक्रम झाला आणि तो साफ आपटला. आम्ही कॅसेटवरचं 'दिवे गेले, बरं झालं' हे गाणं सुरू केलं. पुढे उभे असलेले लोक आधी नाचायला लागले, मग गोंधळून थांबले. मागून आरडाओरड झाली, "हित्रेये! हित्रेये!" (अजून जलद!) काही जण निघूनही गेले. बंड्याचा चेहरा उतरला. तेच सातपूरचं हसू त्याला पुन्हा ऐकू आलं असणार. मला रडू आलं, आणि रागही आला.

सकाळी दुसऱ्या कार्यक्रमाच्या गावी, मारिबोरला जाताना यानेझनं गाडीत आमची जुनी कॅसेट लावली. आम्ही तिघंही थक्क! गाणं नुसतं पळत होतं आणि बंड्याचा आवाज चिमणीसारखा बारीक. तरुणपणचा आपला आवाज ऐकायची तिघांनाही लाज, म्हणून निघण्याआधी इंटरनेटवर कुणी ते ऐकलंच नव्हतं. सराव केला तो सगळा आठवणीवर.

सलीमनं कपाळावर हात मारला. "अरे, सेल! सेल उतरले होते ना!"

बरोबर. कॅसेट भरली त्या दिवशी वीज नव्हती, टेपरेकॉर्डर सेलवर चालवला. सेल संपत आलेले, म्हणून ते गच्चीवर उन्हात ठेवून पुन्हा घातले. तरी टेप रेंगाळतच फिरली. रेंगाळत भरलेलं गाणं चांगल्या मशीनवर लावलं की पळणारच. यानेझ गंभीरपणे म्हणाला, "आम्हाला वाटायचं, ती तुमची अस्वस्थता आहे."

सलीम आणि मी पोट धरून हसलो. बंड्या हसला नाही.

"म्हणजे यांना मी आवडत नाय," तो म्हणाला. "यांना उतरलेला सेल आवडतो. आज मी गाणार नाय."

मारिबोरला नदीकाठी एका जुन्या घराच्या भिंतीवर द्राक्षाचा वेल चढवलाय, शेकडो वर्षांचा, अजून फळ देणारा. बंड्या त्याच्यापाशी किती वेळ उभा होता! खोडावरून हात फिरवला, छाटलेल्या काड्या निरखल्या. "छाटणी लय नीट केलीये," एवढंच बोलला. त्यानं निफाडहून आणलेले बेदाणे तिथल्या बाईंना दिले, त्यांनी त्याला वाइनचा पेला दिला. परत येताना तो म्हणाला, "चला, गातो. पण माझ्या चालीनं."

संध्याकाळी मंचावर माइक धरून त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सेलची सगळी गोष्ट सांगितली. हॉल हसला, पण हे हसू वेगळं होतं. मग तो म्हणाला, "तुमचं गाणं आधी तुम्ही गा. मग माझं ऐका."

मग मागून एकानं सुरुवात केली आणि सगळा हॉल मराठीत गायला लागला. वाकडेतिकडे उच्चार, तीच पळती चाल. एकही शब्द चुकला नाही हो! बंड्या हात सोडून ऐकत उभा होता, डोळे पुसायचं भान नव्हतं त्याला. ते संपल्यावर त्यानं गिटार उचलली, सलीमनं संथ ठेका धरला, आणि बंड्या आपल्या आताच्या, जाड, घोगऱ्या आवाजात गायला. शेवटचा सूर विझला तेव्हा आधी एक बाई, मग सगळेच ओरडले, "पोचासी! पोचासी!" (सावकाश!) त्यांना तेच गाणं पुन्हा हवं होतं, तसंच सावकाश.

ते गाणं आम्ही आणखी दोनदा वाजवलं. बोटं सोलली माझी, पण सुखानं.

मुंबईला उतरलो आणि टॅक्सीनं नाशिकला निघालो. कसारा घाट चढताना हवा गार झाली, सलीम तोंड उघडं टाकून झोपला. सामानात बुचनो ओल्येच्या चार बाटल्या, त्या फुटू नयेत म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. इतकी वर्षं मी मुलांना नकाशावर देश दाखवले, पण आपलं माणूस कुठल्या गावी जाऊन सापडेल ते नकाशात कळत नाही, एवढं मात्र खरं.

पुढे बसलेल्या बंड्याला ड्रायव्हरनं विचारलं, "फॉरेनहून आले का दादा? काय करता तुम्ही?"

मी मागून कान टवकारले.

"गातो," तो म्हणाला. "आणि द्राक्षबाग हाय."