दहाची पेज आणि सुनेची झोप

पेडण्यातल्या डॉक्टरांनी रिपोर्टवरून मान वर केली आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही झोपता किती?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी साखरेच्या रिपोर्टसाठी आलो होतो. शिवाय तो रिपोर्ट माझा नाहीच, अशी माझी खात्री होती. प्रयोगशाळेतल्या मुलीनं नळ्यांची अदलाबदल केली असणार. निवृत्त झाल्यापासून मी बिनसाखरेचा चहा पितो. नदीच्या बांधावरून रोज चालतो. दरवर्षी रक्त तपासतो आणि रिपोर्ट चांगला आला की आमच्या चोपडे गावातल्या प्रत्येक ओट्यावर थांबून सांगतो. माझ्या रक्तात साखर निघावी हे मला शक्यच वाटत नव्हतं.

"पुन्हा तपासा," मी म्हटलं.

"पुन्हाच तपासलंय. मागच्या आठवड्यातलं आणि हे, दोन्ही तुमचंच. झोपेचं सांगा."

मग सांगावं लागलं. बायको न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ती घरी आली. दिवसा एक बाई मदतीला येते, रात्री मी. कूस बदलून द्यायची, भांडं द्यायचं, कळ आली की पाय धरून बसायचं. डोळा लागतो न लागतो तोच हाक येते. सारा हिवाळा असाच गेला होता. दुपारची माझी झोपही मोडली, कारण दुपारी बघायला येणारे येतात.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "मग आश्चर्य कसलं? इन्शुलिन म्हणजे आपला पोदेर, पाववाला समजा. तो पाव घेऊन वाड्यावर येतो, भोंगा वाजवतो, लोक बाहेर येऊन पाव घेतात. पण घरातली माणसं जाग्रणानं पेंगलेली असली तर? भोंगा ऐकू येत नाही. पाव रस्त्यावरच राहतो. तशी साखर रक्तातच राहते. मग पोदेर आणखी जोरात भोंगा वाजवतो. शरीर जास्त इन्शुलिन करतं. काही काळ भागतं. पुढे पोदेरही दमतो."

"पण मी गोड खात नाही!"

"खात नसाल. झोप हेच एक कारण असं मी म्हणत नाही. वय आहे, घराण्यात असतं, खाणं आहे. पण सतत झोपमोड झाली की हे होतं. वर शरीर गोड मागायला लागतं. दमलेल्या माणसाला बिस्किटाचा पुडा दिसला की हात जातोच. त्याला लोक हावरटपणा म्हणतात."

ते पुढेही बोलत होते. गोळीचं काहीतरी, कोणाला तरी रात्री सोबतीला ठेवा असं काहीतरी. मला ऐकू येईना. बिस्किटाचा पुडा हा शब्द ऐकल्यापासून मला समोर फक्त माझी सून दिसत होती.

आता ते सांगतो, जसं झालं तसं.

मुलगा जहाजावर असतो. सून तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासायच्या कामाला होती. पाळी बदलती, त्यात रात्रपाळी जास्त. सकाळी कंपनीची बस तिला फाट्यावर सोडायची. आंघोळ करून, देवापुढे हात जोडून ती खोलीत जाऊन पडायची. आणि दहा वाजले की मी दारावर थाप मारायचो.

आमच्या घरात दहाची पेज चुकत नाही. उकड्या तांदळाची पेज, सोबत खाराचं लिंबू किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा. माझ्या वडिलांच्या वेळेपासून घरातली सगळी माणसं दहाला एकत्र बसतात. शेतावरचा माणूस शेतावरून येतो. मी शाळेत होतो तेव्हा मधल्या सुट्टीत सायकलनं घरी यायचो. पेजेला माणूस कमी असलं तर ते घर कसलं, असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

"ऊठ गो बाय, पेज निवता," मी हाक द्यायचो.

बायको चुलीकडून म्हणायची, "निजूं दे तिका. आत्ताच येऊन पडलां ता."

"दिवस डोक्यावर आला. दारात माणसं येतात-जातात. घरची सून आडवी पडलेली बरी दिसते?"

सून उठायची. भिंतीला हात लावत यायची. पेज घेताना तिची मान खाली जायची आणि मी म्हणायचो, "पेजेला नमस्कार करतेस की काय?" मीच हसायचो. पेजेनंतर भांडी, मग बाजारवाली, मग शेजारची वहिनी. तिची झोप तिथेच संपायची. दुपारी मात्र जेवणानंतर मी स्वतः झोपायचो. तेव्हा आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, रेडिओ लागायचा नाही, सुनेनं मांजर हाकलायचं तेही हातानं. सगळा गोवाच त्या वेळी झोपतो, दुकानं बंद होतात. माझी झोप ती रीत आणि तिची झोप तो आळस, हे मला एकदाही खटकलं नाही.

एकदा ती म्हणाली होती, "बाबा, मला पेज नको, झोप हवी." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. अन्नाला नको म्हणते!

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. कारखान्यातल्या तपासणीत तिची साखर वाढलेली निघाली. तिशीही न उलटलेली, अंगानं बारीक पोर. मी लगेच घराची सूत्रं हातात घेतली. तिच्या पेजेतली शितं काढून फक्त निवळ तिला द्यायला लावली. म्हणजे झोपेतून उठवून आणायचं आणि पुढ्यात पाणी ठेवायचं. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण तेच केलं. मग एक दिवस तिची पिशवी खुंटीवरून पडली आणि बिस्किटाचा रिकामा पुडा बाहेर आला. मी तो उचलून बायकोला, शेजारच्या वहिनीला, सगळ्यांना दाखवला. "बघा, साखर कुठून येते ती!" सुनेनं पुडा माझ्या हातातून घेऊन चुलीत टाकला.

आणि मग चवथ, गणपतीची.

आमच्याकडे चवथीला सुनेच्या माहेराहून ओझं येतं, फळं, नारळ, खाजं, नेवऱ्या म्हणजे करंज्या. त्या वर्षी व्याही स्वतः घेऊन आले, लाटंबार्सेहून दोन बस बदलून. काजूचं आणि भाताचं थोडं रान असलेला साधा माणूस, कमी बोलणारा. सून रात्रपाळी करून सकाळी आली होती, ती तशीच तळायला बसली. आरती झाली, पंगत झाली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली घर भरलेलं. भाऊबंद, माझी सावंतवाडीकडे दिलेली बहीण, वाड्यावरची माणसं. सगळ्यांना वाढून झाल्यावर सुनेनं वडिलांनी आणलेल्या ओझ्यातली एक नेवरी उचलली.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ठेव ती, बाय. माहेरून आणलेली साखर तुला पुरून उरली आहे."

हशा झाला. मला आणखी चेव चढला. व्याह्यांकडे वळून म्हणालो, "काय व्याही, लग्नाच्या वेळी सांगायला हवं होतं. लपवून दिलीत."

"आमच्या घरात कोणालाच नाही हो, मास्तर," ते म्हणाले.

"तपासलंय कोणी कधी?"

पुन्हा हशा. माझी बहीण तर पदर तोंडाला लावून हसत होती. व्याह्यांनी हात धुतले आणि लवकरच्या बसला निघाले. पुढे त्या दोघा नवरा-बायकोनं खरंच रक्त तपासून घेतलं. दोघांचंही चांगलं निघालं. ते मला फोनवर सांगू लागले तर मी म्हणालो, "बरं बरं," आणि फोन ठेवला. मास्तरानं सांगितलेलं गावात खरं धरतात. पाचव्या दिवशी गणपती नदीत पोचायच्या आत 'लाटंबार्सेची साखर' सगळ्या नात्यात पोचली होती.

विसर्जनानंतर सून माहेरी गेली. मुलाचा जहाजावरून फोन आला, "बाबा, ती काही दिवस तिथेच राहील." त्यानं कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिनं डिचोलीच्या बाजूला दुसऱ्या कारखान्यात काम धरल्याचं कानावर आलं. तिथेही पाळ्याच. आणि पुढे बायकोनं, पडायच्या आधी, एकदा सांगितलं होतं की पोरीची साखर पुष्कळ उतरली आहे, गोळीही कमी झाली. मी म्हटलं होतं, "माहेरी खाण्यावर लक्ष ठेवत असतील." इतकं समोर असूनही मला दिसलं नव्हतं.

डॉक्टरांकडून घरी आलो तो ओट्यावरच बसून राहिलो. बायकोनं आतून दोनदा विचारलं, रिपोर्ट काय म्हणतो. माझ्या म्हाताऱ्या रक्ताला एक हिवाळा पुरला. त्या पोरीची झोप मी दोन वर्षं मोडली, रोज, पेजेचं निमित्त करून, प्रेमानं हाक मारून.

दुसऱ्या आठवड्यात मदतीच्या बाईला उशिरापर्यंत थांबायला सांगून मी निघालो. म्हापशाला उतरून दोडामार्गची बस धरली. काजूचा हंगाम होता, लाटंबार्सेला उतरलो तर हवेला बोंडांचा आंबूस वास. व्याही खळ्यात बसून बोंडांच्या बिया पिरगळून काढत होते. मला पाहून उठले. मी रस्त्यावरूनच मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, कारण जवळ गेल्यावर धीर सुटेल असं वाटत होतं.

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "हळू, मास्तर. बाय निजलीय. रात्रपाळी होती."

पेजेचीच वेळ होती. खोलीच्या खिडकीवर आतून जाड गोधडी टांगलेली. विहीणबाईंनी आम्हा दोघांना मागच्या पडवीत पेज वाढली, का तर भांड्यांचा आवाज आत जायला नको. चमचे दिले नाहीत, वाट्या तोंडाला लावून प्यालो. एक वाटी बाजूला झाकून ठेवलेली, शितांसकट. बाहेर मासळीवाली ओरडली, "नुस्तें जाय गो?" तशी विहीणबाई हात हलवत फाटकाकडे धावल्या. मासळीवाली सवयीची असावी. तिनं पाटी उतरवली आणि कुजबुजत भाव सांगायला लागली.

मी वाटी खाली ठेवली. इतकं सोपं होतं. एक गोधडी आणि एक झाकण.

"उठवू का तिला?" व्याह्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. ते ऐकून ते माझ्याकडे बघतच राहिले.

मी त्यांच्यासोबत बिया काढत बसलो. हात चिकट झाले. डॉक्टरांनी सांगितलेलं पोदेराचं सगळं मी त्यांना हळू आवाजात सांगितलं. माझ्या साखरेचं सांगितलं. चवथीचं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "त्या दिवशी बसमध्ये मला उभ्यानं यावं लागलं. पण मला बसायला मिळालं नाही हे कळलंच नाही, बघा. मनात तेच, मी पोरीला काय आजार दिला."

उन्हं कलल्यावर ती उठून आली. चेहरा भरलेला, डोळ्यांखालचं काळं गेलेलं. मला बघून थबकली, मग सवयीनं पदर सारखा केला. "बाबा? आई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. मी चुकलो, हे सांगायला आलो. साखर तुझ्या माहेरची नव्हती. माझ्या घरात तुला झोप मिळाली नाही."

तिनं झाकलेली पेज काढली, पायरीवर बसून सावकाश खाल्ली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. वाटी रिकामी करून ती म्हणाली, "हे मला ठाऊक आहे, बाबा. मला नका सांगू. चवथीला जे हसले त्यांना सांगा. मग मी आईंना बघायला येईन."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी आल्याच्या संध्याकाळीच मी बहिणीला फोन लावला. तीच सगळ्यांत जास्त हसली होती आणि तिनंच ती गोष्ट सगळीकडे पोचवली होती. मी सगळं सांगितलं. मग ती खो खो हसायला लागली.

"झोप नाय तर साखर वाढता? अरे, मगे माझ्या आंगात साखरेचो कारखानोच होवूक व्हयो होतो! माका खंय झोप लागता? म्हातारो झालंस तू."

ते हसणं माझं होतं. माटोळीखालचं, तेच.

"हसून झालं?" मी म्हटलं. "आता ऐक. आणि उद्या रक्त तपासून घे."

मग मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. ती ऐकून घेईपर्यंत सांगितलं. बाकीच्यांना एकेकाला गाठतो आहे, आणि जे भेटत नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. सून अजून आलेली नाही. तिच्या खोलीच्या खिडकीला मी गोधडी टांगली आहे. उजेड कुठून येतो ते बघायला काल दुपारी दार लावून आत उभा राहिलो. खालच्या कडेला एक फट राहते, ती बुजवायची आहे.