एका डोक्यावर दोन भोवरे

सोलापूरच्या शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावर लिंबाखाली बसणारा रामहरी न्हावी नुसतं डोकं पाहून माणसाचा धंदा सांगायचा. त्यात जादू काही नव्हती. गिरणीत कापूस पिंजणाऱ्याच्या केसांत पांढरा भुरा सापडे, यंत्रावरच्या माणसाच्या मानेला तेलाचे ठिपके असत, आणि नव्या पेठेतल्या कापडवाल्याच्या कानामागे पेन्सिल ठेवून ठेवून खाच पडलेली असे. पण रामहरीची विद्या एवढ्यावर थांबत नसे. माणूस ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूची दाढी आडवी वाढते, कुणाचेच दोन कान एका रेषेत नसतात, आणि कात्री केसांना न लावता हवेतच कचकच वाजवली तरी गिऱ्हाइकाला झोप लागते, असे त्याचे स्वतःचे शोध होते. शेवटचा शोध तो फार बोलणाऱ्या गिऱ्हाइकांवर वापरी.

भुसाराचे व्यापारी तिप्पण्णा दर बुधवारी येऊन बसले की आधी आपल्या कानडी हाकेने विचारत, "एनप्पा रामहरी, ह्या आठवड्यात डोक्यात काय नवीन सापडलं?"

"तुमच्या का दुसऱ्याच्या?"

"माझ्यात काय न्हाय ते मला ठाव हाय. दुसऱ्याच्या सांग की."

"सांगतो, पर नाव इचारायचं न्हाय. वैद्यानं बघितलेली जीभ आन न्हाव्यानं बघितलेलं डोकं, बाहेर काढायचं नसतं."

हा नियम त्याने कधी मोडला नाही. त्या काळी माणसाचं डोकं दिवसभर फेट्याखाली नाहीतर टोपीखाली असे. आत काय आहे ते जगात दोघांनाच माहीत, एक बायको आणि एक न्हावी. रामहरीच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी एक कापडी पुरचुंडी असे. तिच्यात काय आहे असं कुणी विचारलं तर तो "औषध" म्हणे आणि विषय बदली.

रामहरीची मुलगी गोजर सतरा संपवत आली होती, म्हणजे तेव्हाच्या मानाने उशीरच. दोन स्थळं येऊन गेली होती. तिसरं मोडनिंबच्या ज्ञानबा न्हाव्याच्या मुलाचं, सिदूचं. सिदू आला तेव्हा रामहरीने त्याला शिक्षण विचारलं नाही, शेत विचारलं नाही. वस्तरा त्याच्या हातात दिला आणि आपली हनुवटी पुढे केली. होणाऱ्या जावयाच्या हाती गळा देऊन पाहणारा सासरा सोलापुरात तो एकटाच असावा. रक्ताचा थेंब आला नाही. पसंती झाली. गोजरची त्याआधीच झाली होती, कारण पाणी प्याल्यावर सिदूने तांब्या विसळून परत दिला होता, आणि हे तिने दाराआडून पाहिलं होतं.

निघताना सिदू रामहरीच्या बायकोच्या, बजाबाईच्या पाया पडायला वाकला आणि त्याची टोपी तिच्या पायांवर पडली. बजाबाईने खाली पाहिलं. आशीर्वाद दिला. पाहुणे कोपऱ्यावरून वळले तशी ती म्हणाली,

"हे स्थळ नको."

"का? पोरगा वाईट हाय?"

"पोरगा गुणाचा हाय. डोकं वाईट हाय. दोन भवरं हायती."

ज्याच्या डोक्यावर दोन भोवरे त्याची दोन लग्नं, हे पेठेत शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"माझ्या पोरीवर सवत यील," बजाबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

गुरुवारी मोडनिंबला होय-नाही कळवायचं होतं. दोन दिवस बजाबाई हलली नाही. गोजर तोंडाने काही बोलत नव्हती, पण भाकऱ्या अशा थापत होती की आवाज पलीकडच्या गल्लीत जावा.

बुधवारी दिवेलागणीला रामहरी घरी आला, पाय धुतले आणि बजाबाईपुढे ती पुरचुंडी उपडी केली. चिंचोक्यांचा ढीग पडला. त्यात दोन लाल गुंजा.

"ह्ये काय मांडलंय?"

"चौदा वर्सांत बघितलेली दोन भवऱ्यांची डोकी. चिंचोका म्हंजे एक बायको. गुंज म्हंजे दोन. चिंचोकं एकेचाळीस हायती. गुंजा बघ की किती त्या."

बजाबाईने बोटाने ढीग चाळला. "आन भवरा एकच, पर बायका दोन केल्यात, असली किती?"

"त्येंच्यापायी एवढ्या गुंजा कुटनं आणू?"

ती हसली नाही. "एवढं मोजत बसायचं कारण काय पर?"

 जगातल्या सगळ्या डोक्यांची उत्तरं ठाऊक असलेल्या रामहरीने फेटा काढून मांडीवर ठेवला आणि दिव्यापुढे मान खाली घातली. न्हाव्याला स्वतःचं डोकं करता येत नाही. त्याचं डोकं त्याचा भाऊ करी, आणि धंद्याचा नियम भावालाही माहीत होता.

"बघ. लग्नात बापानं फेटा आवळून बांधला हुता. कळलं असतं तर तुझ्या बापानं पोरगी दिली नसती."

बजाबाईने पाहिलंच नाही. "ठाव हाय मला."

"कवाधरनं?"

"पयल्या पाडव्याधरनं. तेल लावताना बोट दोन जागी फिरलं." तिने पदर सारखा केला. "बावीस वर्सं झाली. दर पाडव्याला बघती, एखादा मिटलाय का. तुमाला बाजारातनं यायाला उशीर झाला की वाटायचं, सवत आणली वाटतं. मी भ्याले ती भ्याले, पोरीनं बी भ्यावं व्हय?"

रामहरी फेट्याची घडी उलगडत राहिला. "मानमोडीच्या तापाची साथ आलती त्या साली तू पंदरा दीस शुद्धीवर नव्हतीस. दुसरं लगीन व्हायचं म्हंजे आदी तुला काय तरी झालं पायजे. तवाधरनं मोजतोय."

 मग चुलीकडून गोजरचा आवाज आला.

"आई, त्येंची दुसरी कवा हुईल ते ऱ्हाऊ दे. पयली तरी होऊ दे की."

"गप. भाकर करपली बघ तुझी," बजाबाई म्हणाली. पण गेल्या दोन दिवसांतला हट्टी सूर तो नव्हता. तिने ढीग पुन्हा चाळला. "ह्यात तुमी कुटलं?"

"मला न्हाय धरलं. अजून जल्म जायचाय की."

ती उठली. दुपारी फोडलेली चिंच कोपऱ्यात सुपात होती. त्यातला एक चिंचोका निवडला, पदराला पुसला आणि ढिगावर ठेवला.

"बेचाळीस," ती म्हणाली. "उद्या मोडनिंबला व्हय म्हणून कळवा. पर लग्नात पोराला टोपी सैल घालाया सांगा. माझ्या पोरीला आंधारात नको ठेवाया."

पुढच्या बुधवारी तिप्पण्णा लिंबाखाली येऊन बसले. "एनप्पा रामहरी, ह्या आठवड्यात काय नवीन सापडलं?"

सापडलं होतं. पण डोकं घरचंच होतं, आणि नियम म्हणजे नियम. रामहरीने कात्री उचलली आणि केसांपासून वीतभर लांब, हवेतच, कचकच वाजवायला सुरुवात केली. लवकरच तिप्पण्णांची मान डुलू लागली.