तांबडी वायर, हिरवी वायर

मालवणच्या मासळी बाजारात सत्यवतीच्या पाटीतल्या मासळीबद्दल कुणी शंका काढली, तर ती वाद घालत बसायची नाही. बांगडा उचलायची, अंगठ्याने त्याचा कल्ला उघडायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. कल्ला लालभडक म्हणजे मासा ताजा. तपकिरीवर गेला की शिळा. एवढं साधं शास्त्र, पण तिच्या झिलाला, सुदेशला, ते काही केल्या येत नव्हतं. लहानपणी बंदरावर मासळी घ्यायला त्याला धाडलं, की तो हमखास कालचे बांगडे घेऊन यायचा.

"डोळे खंय आसत तुजे? कल्लो बघलंस नाय?"

"बघलंय गो आये."

"बघलंस तर ह्यां काय हाडलंस?"

मग पाठीत एक धपाटा. पोराचं कामात लक्ष नसतं, असं सत्यवतीने ठरवून टाकलं होतं आणि ऐकून ऐकून सुदेशलाही ते खरं वाटू लागलं होतं.

तो दहावीत असताना वडील, गुणाजी, छातीच्या दुखण्याने गेले. ते जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर राबले होते. झिलाने दर्याचं तोंड बघायचं नाही, हा सत्यवतीचा हट्ट. शेजारचा एकजण आयटीआय करून गोव्याच्या कारखान्यात लागला होता, म्हणून तिनेही सुदेशला आयटीआयला घातलं, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला. दाखल्यासाठी दवाखान्यात छाती तपासली, पोट दाबून बघितलं, चष्मा आहे का विचारलं आणि पोरगा धडधाकट म्हणून सही मिळाली. ते साल दोन हजार.

वर्कशॉपमध्ये पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहून दिलं. लाल, पिवळा, निळा हे तीन फेज. काळी न्यूट्रल. हिरवी अर्थिंगची. "झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे," सर म्हणाले. "फेज आणि अर्थिंगची अदलाबदल झाली, तर मशीनचं अंगच जिवंत होतं. हात लावणारा गेला."

पाठ करणं सुदेशला कठीण नव्हतं. कठीण होतं ते हातात वायर धरून बघणं. पिवळी त्याला दिसायची, निळीही दिसायची. पण लाल आणि हिरवी, दोन्ही त्याला नारळाच्या ओल्या सोडणाच्या रंगाच्याच वाटायच्या. आधी वाटलं, वर्कशॉपमधल्या वायरी जुन्या आहेत, रंग उडालाय. मग त्याने बाजूच्या पोरांकडे बघितलं. ती गप्पा मारता मारता, नीट न बघताही बरोबर वायर उचलत होती. आपल्यात काहीतरी कमी आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. अशा उणिवेला नाव असतं, हे मात्र माहीत नव्हतं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याऐवजी युक्त्या शोधल्या. टेस्ट लॅम्प लावून अर्थिंगची वायर आधी ओळखायची आणि तिच्या दोन्ही टोकांना बारीक गाठ मारून ठेवायची. पॅनेलवरच्या दिव्यांचे रंग बघायचेच नाहीत, वरचा पेटला की खालचा, एवढंच लक्षात ठेवायचं. प्रत्येक जोडणी दोनदा तपासायची. हे सगळं करताना त्याला इतरांपेक्षा उशीर व्हायचा. सरांनी मात्र त्याचा भलताच अर्थ लावला. "सुदेशकडे बघा," ते वर्गाला सांगायचे, "हा कधी घाई करत नाही. मेंटेनन्सच्या माणसाला असाच धीर लागतो." ती शाबासकी सुदेशला माशाच्या काट्यासारखी घशात टोचायची.

आणि तरीही हे काम त्याला मनापासून आवडलं होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवून मूठ कानाला लावली, की आतलं बेअरिंग बरं आहे की खरखरतंय ते ऐकू यायचं. जळलेली मोटर उघडून नवी तार भरली आणि ती पहिल्यांदा गरगर फिरली, तेव्हा तो वर्कशॉपमध्ये एकटाच हसत उभा राहिला होता. परीक्षा तो चांगल्या गुणांनी पास झाला. गोव्यात पाइप बनवणाऱ्या एका कारखान्याने त्याला अप्रेंटिस म्हणून घेतलं. सत्यवतीने त्या दिवशी बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन मासे जास्त घातले.

कारखान्यात त्याला बाबली भेटला. पन्नाशीचा माणूस, इन्सुली गावचा, मेंटेनन्समधला जुना हेल्पर. कारखान्याच्या बसने रोज ये-जा करायचा. दुपारी डबा उघडला, की आधी एक भाकरी सुदेशपुढे सरकवायचा. "खा रे झिला. आवस लांब आसा तुजी, रांदून कोण घालतला?" मोटरचे फाउंडेशन बोल्ट कसे आवळायचे, पट्टा किती ताणायचा, हे सुदेश पुस्तकापेक्षा बाबलीकडून जास्त शिकला. या माणसाला सगळं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात कितीदा आलं. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि भाकरीबरोबर परत खाली जायचे.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात कारखान्याच्या कूलिंगचा पंप बंद पडला. पाइप बनवायची लाइन थांबली. सुपरवायझर डोक्यावर येऊन उभा. मोटर बदलली होती, केबल जोडायची तेवढी बाकी होती.

"अरे, चार वायरी जोडायला किती वेळ? टेस्ट लॅम्प ठेव तो बाजूला!"

केबल जुनी होती, टोकांना तेल लागलेलं. सुदेशने दोन काळपट वायरी बोटांत धरल्या. एक क्षण थांबला. मागून सुपरवायझर पुन्हा ओरडला. त्यातली एक त्याने अर्थिंगच्या बोल्टला लावली आणि दुसरी टर्मिनलला.

स्विच टाकला तर मोटर फिरेना, नुसती घूं घूं करू लागली. पंप अडकला की काय, म्हणून बाबलीने त्यावर हात टेकला.

त्याचा आवाजसुद्धा निघाला नाही. तो मागच्या लोखंडी रॅकवर जाऊन आदळला. सुदेशनेच धावत जाऊन मेन स्विच पाडला. बाबली वाचला, पण त्याचा उजवा खांदा मोडला आणि तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

चौकशीत इंजिनिअरने सुदेशसमोर त्या दोन वायरी धरल्या. "यातली हिरवी कुठली?"

सुदेश बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मला सांगता येत नाही, सर." इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवली. प्रत्येकात एक आकडा लपलेला असतो म्हणाले. सुदेशला बहुतेक चित्रांत नुसते ठिपके दिसले. डॉक्टर प्रेमळ होते. याला रंगांधळेपणा म्हणतात, यात तुझा दोष नाही, हे जन्मापासूनच असतं, आईच्या बाजूने मुलाकडे येतं, असं त्यांनी समजावलं. "मामाला वगैरे आहे का कुणाला?"

लवूमामा. सुदेशला ते नाव तिथेच आठवलं, पण का, ते कळेना.

सत्यवतीला मात्र घरी ऐकल्याबरोबर कळलं. लवू तिचा थोरला भाऊ. तरुणपणी मोठ्या बोटीवर नोकरी लागायची म्हणून वाजतगाजत मुंबईला गेला, डॉक्टरी तपासणी झाली आणि आठवडाभरात परत आला. बोटीचा वास सोसत नाही, म्हणाला. सगळ्या वाडीने त्याला पळपुटा ठरवलं, सत्यवतीनेही. तेव्हापासून तो दांडीच्या किनाऱ्यावर लोकांची जाळी विणत बसायचा.

ती पाटी तशीच टाकून दांडीवर गेली. सुदेश मागोमाग.

"दादा, बोटीच्या डॉक्टरान तुका काय सांगलान होता?"

लवूने सुई खाली ठेवली. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा सुदेशकडे. "ठिपके दाखवलान," तो म्हणाला. "माका आकडो गावलो नाय."

"आणि ह्या माज्या झिलाचा? तुका कळला नाय?"

"कळला होता. ल्हान असताना काजीखाली उभो रवान तांबडी बोंडां सोधी. नाकासमोर लागलेली आसत, तरी गावत नसत तेका. माजी तीच गत."

"मगे बोललंस कित्याक नाय रे?" सत्यवतीचा आवाज चिरकला. "मी मारलंय तेका. कल्लो दिसणा नाय म्हणान मारलंय!"

"माका पळपुटो म्हणलास, तां मी सोसलंय," लवू हळूच म्हणाला. "आंधळो म्हणलेला सोसूक येवचा नाय असा वाटला. तेकाय येवचा नाय असा वाटला."

"आणि त्या बाबलीचो हात? तो कोण सोसतलो?"

लवूने खाली ठेवलेली सुई पुन्हा उचलली. त्या दिवसानंतर सत्यवती भावाच्या दारात गेली नाही.

सुदेश इन्सुलीला जाऊन आला. बाबलीने त्याला आत घेतलं, डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे केला. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाला, "दिसणा नाय, तर माका सांगूचा मरे. मी बाजूकच उभो होतंय." सुदेशने त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि तसाच खाली ठेवला.

पुढे तो मालवणात बंदराजवळच्या बर्फाच्या फॅक्टरीत लागला. कॉम्प्रेसरला तेल घालायचं, पट्टे बदलायचे, बेअरिंग काढायची. पॅनेल उघडायची वेळ आली की बाहेरून वायरमन यायचा आणि सुदेश हात पुसत दारात जाऊन उभा राहायचा.

फॅक्टरीतून सुटल्यावर तो आईला न सांगता दांडीवर जाऊ लागला. सुरुवातीला तो नुसतं मामाचं जाळं ताणून धरायचा. मग हळूहळू बोलणं सुरू झालं.

"मामा, कोळंबी शिजली की तांबडी होता म्हणतत. तुका दिसता?"

"माका वास येता," लवू म्हणायचा आणि दोघेही पोट धरून हसायचे. हे हसणं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. लवूला अख्खं आयुष्य एकट्याने जे बघावं लागलं होतं, ते आता दोघे मिळून बघत होते. शंख, होड्यांचे पट्टे, सुरूची झाडं. "ह्यां तुका कसा दिसता?" एक विचारायचा. "तुका दिसता तसाच," दुसरा सांगायचा.

दोन हजार नऊच्या श्रावणात मामाचे डोळे पिवळे झालेत, हे पहिल्यांदा सुदेशलाच दिसलं. पिवळा रंग त्याला कधी चकवत नसे. त्याने मामाला इस्पितळात नेलं, आईला कळवलं. "बाजार आटपून येतंय," सत्यवती म्हणाली. ती दुसऱ्या दिवशी निघाली, तेव्हा उशीर झाला होता.

दिवसकार्य उरकलं. सत्यवती घरी पडवीत बसून होती, पाटी बरेच दिवस उपडीच पडलेली. सुदेश फॅक्टरीतून आला, तशी तिने त्याला जवळ बोलावलं.

"तू थंय जाय होतंस, माका म्हायत होता," ती म्हणाली. "काय बोला होतास रे तुमी दोघे?"

"कोणाक काय कसा दिसता, तां."

मग अंगावरच्या लुगड्याचा पदर पुढे धरून तिने विचारलं, "ह्यां तुका कसा दिसता?"

"मातीसारखा."

"हिरवा आसा तां."

"आसतला."

"दादाकय मातीसारखाच दिसा?"

"होय," सुदेश म्हणाला. "तू वाटेन जावक लागलंस काय तो जाळा खाली ठेवी आणि तू दिसानाशी होयसर बघीत रवी."

सत्यवतीने तोच पदर तोंडाला लावला. सुदेश तिच्याजवळ खाली बसला. काळोख पडला, तरी आत जाऊन दिवा लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.