बोटीची खांदशेकणी

बैल विकल्यावर आमचा कोठा रिकामा झाला आणि त्या रिकाम्या कोठ्यात मी जुनी मोटारबोट आणून उभी केली. बाभुळगावच्या बाजारात मग काही दिवस लोकांना दुसरा विषय उरला नाही. धरणावर नौकाविहार काढायला निघालेल्या एका हौशी माणसाची ती बोट. मला मात्र हौस नव्हती, गरज होती. धरणाच्या फुगवट्यानं आमच्या वावराचे दोन तुकडे केले होते. पलीकडच्या तुकड्याला रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, आणि बाबांचे गुडघे आता मोटारसायकलवर तग धरत नव्हते. तिकडची कापसाची पऱ्हाटी त्यांनी कितीतरी दिवसांत डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्यांना बोटीत बसवून तिकडे न्यायचं, एवढ्यासाठी माझा सारा खटाटोप.

आणि बाबा बोटीकडे ढुंकून बघेनात. "बैलाले हो म्हनलं का थांबते," ते म्हणाले. "याले काय म्हनू?"

या बोटीचं इंजिन आत असतं आणि पंखा फिरवणारा जाडजूड पाय मागे, बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा दांडा बोटीच्या पाठीतल्या भोकातून जातो आणि त्यावर घड्याघड्यांचं रबर चढवलेलं असतं. त्याला बूट म्हणतात. बूट शाबूत तर बोट तरंगणार. फाटला तर पाणी थेट आत. जन्मभर कोळशाच्या ट्रकांखाली झोपलेला वणीचा एक मेकॅनिक मी धरून आणला. त्यानं पायातलं जुनं तेल काढलं तर ते ताकासारखं पांढरं निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. सील बदलून तो जाताना सांगून गेला, "दांड्याच्या क्रॉसले ग्रीस, गेअरले ऑइल. बुटाले काईच लावू नको."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ग्रीसचा डबा घेऊन यवतमाळहून परतलो, तर कोठ्यात बाबा. हातात वाटी, वाटीत तूप-हळद. दरवर्षी खांदशेकणीला बैलांच्या खांद्याला लावायचे तसं पळसाच्या पानानं ते बोटीच्या बुटाला हळूहळू चोळत होते.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

"इथूनच जोर लावते ना हे? मंग खांदा हाच. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेवटचं, पोळ्याला बैलांना द्यायचं ते आमंत्रण, बोटीला उद्देशून होतं.

माझा स्वभाव तापट. रबरी बुटावर कोणी दुसऱ्यानं तूप चोळलं असतं तर मी कोठा डोक्यावर घेतला असता. पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मेकॅनिकचं बोलणं मी साफ गिळून टाकलं. बाबांनी बोटीला घरात घेतलं होतं!

दसऱ्याला बोट पाण्यात घातली. हार, नारळ, सगळं झालं आणि बाबा धोतर सावरत खरोखरच चढून बसले. किनाऱ्यापासून थोडं आत गेलो असू, तोच ते शांतपणे म्हणाले, "काहून रे, आतून बी पानी असते का याले?"

त्यांच्या चपला तरंगत होत्या. मी इंजिन बंद केलं आणि कंबरभर पाण्यात उडी मारली. दोर खांद्यावर घेऊन बोट ओढू लागलो. चिखलात पाय रुतत होते, खांदा सोलून निघत होता. मागे बाबा, जन्माची सवय, जीभ टाळूला लावून टकटक करत होते. "चाल राजा, चाल!" किनाऱ्यावरचे लोक पोट धरून हसले. मीसुद्धा हसलो, पण बरंच नंतर.

कोठ्यात आणून पाहिलं, तर बूट उंदरांनी कुरतडलेला. बरोबर तिथंच, जिथं हळदीचा पिवळा डाग होता. तोंडाशी आलेलं मी कसंबसं आवरलं आणि फक्त "उंदीर" म्हणालो. बाबांनी डागावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि ते घरात गेले. त्यांचा तो पडलेला चेहरा मला उंदरांपेक्षा जास्त लागला.

नवा बूट मुंबईहून मागवला, चढवला, बोट झकास चालू लागली. पण बाबा काठावरच उभे राहत. "तू जाय," एवढंच म्हणत. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पलीकडचा कापूस मी एकट्यानंच आणला. बाबा पुन्हा कधी बसणार नाहीत, असंच मी धरून चाललो होतो, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

पुन्हा पोळ्याचा आदला दिवस आला. बोटीच्या पायाचं तेल बदलत बसलो होतो, तर दारात बाबा. हातात तीच वाटी! मी ताडकन उठलो आणि दोन्ही हात पसरून बुटासमोर उभा राहिलो.

"बाबा, नाही! हात जोडतो."

"सरक बाजूले," ते म्हणाले. "बोटीले कोन लावून राह्यलं? सदरा काढ."

"कायले?"

"मागच्या साली वढलं कोनं?"

मी सदरा काढला. बाबांनी पळसाच्या पानानं माझ्या खांद्याला कोमट तूप-हळद लावली, सावकाश, दोन्ही बाजूंनी, जशी बैलांना लावायचे.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," ते म्हणाले. मग वाटी पुसत पुसत, बोटीकडे न बघता, "पन जेवन पल्याडच्या वावरात हाय. मले बोटीनं नेजो."