अडवून ठेवलेली मंजुरी

तीन वर्षं मी एका चिपचा गुणाकार करणारा भाग बनवत होते. हवामानाची, औषधांची अवजड गणितं करणाऱ्या मोठ्या संगणकांना जोडायची ही चिप. संगणकावरचं आकडेमोडीचं ओझं उचलून ते झपाट्यानं हातावेगळं करायचं, एवढंच तिचं काम. तिचा आराखडा खुला होता. कुणीही तो उघडून बघावा, चुका काढाव्यात, सुधारून परत द्यावा. आमची माणसं पाच-सहा देशांत विखुरलेली, एकमेकांना फक्त पडद्यावर ओळखणारी. मी त्यातली गंगाखेडजवळच्या पालमची.

या खुलेपणाचं मला भारी कौतुक होतं. चार लोकांत संधी मिळाली की मी त्यावर बोलायचे. मग एके दिवशी कुणीतरी खरोखरच माझा भाग उघडून बघितला आणि स्वतःचा करून पाठवला. माझ्यापेक्षा लहान, कमी वीज खाणारा आणि वेगवान. तपासायला तो माझ्याकडेच आला. मी तीनदा तपासला, तिसऱ्यांदा तर खोट काढायचीच म्हणून. खोट निघाली नाही.

आमच्यात नियम होता की ज्याचा भाग, त्याच्या मंजुरीशिवाय तो काढायचा नाही. चिप कारखान्यात जायला दहा दिवस उरले होते, आणि एकदा गेली की तिच्यात बदल होत नाही. मी गप्प बसले असते तर माझाच भाग राहिला असता. चिप थोडी मंद निघाली असती, जरा जास्त तापली असती, आणि मला कुणी एका शब्दानं विचारलं नसतं. सगळे अदबीनं थांबले होते. "घाई नाही," असं रोज कुणीतरी लिहायचं.

लॅपटॉप घेऊन मी शहरातून पालमला घरी निघून आले. गंगाखेडपर्यंत रेल्वे, पुढं एसटी. वाईट वाटेल, निदान राग तरी येईल, असं मी धरून चालले होते. काहीच आलं नाही. जेवत होते, झोपत होते, आईनं विचारलं की बरंय म्हणत होते. दात काढताना सुई दिल्यावर ओठ दुसऱ्याचा वाटतो, तशी मी अख्खीच झाले होते.

आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, बसस्टँडमागं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरी-बोअरवरच्या जळालेल्या मोटारी येतात, आप्पा आतली जळकी तार काढून नवी भरतात. काढण्याआधी जुन्या तारेचे वेढे मोजावे लागतात, नाहीतर नवे किती घ्यायचे ते कळत नाही. आप्पांची नजर आता अधू झालीय, म्हणून ते आठ दिवस वेढे मी मोजत होते. गिऱ्हाइकाला गोड बोलणं आप्पांना जमत नाही. "ही गेली. भरली तरी टिकायची न्हाई," असं तोंडावर सांगून ते आलेलं काम घालवतात. त्यावरून आई त्यांना जन्मभर बोलत आलीय. माझ्या चिपचं मात्र त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझं मशीन कवा निघायलंय?"

"माझा भाग काढायलेत, आप्पा. दुसऱ्या एकानं केलाय, तो बसवायलेत."

"त्याचा चांगला हाय का?"

"हाय."

"लय?"

"लय."

"मंग थांबलेत कामून?"

"मी हो म्हणायची वाट बघायलेत."

आप्पा हात पुसून चहा सांगायला गेले. तेवढ्यात मी तिथंच बाकड्यावर लॅपटॉप उघडला आणि मंजुरी दिली. एक बटण दाबायचं होतं. समोरून लगेच आभार आले, फार छान शब्दांत. तरीही काही वाटलं नाही. चहा आला, प्यायले.

दुपारी ओळखीचे एक शेतकरी मोटार न्यायला आले. "आप्पा, पोरीचं मशीन झालं का हो?"

आप्पा नट आवळत होते. पूर्ण आवळून झाल्यावर म्हणाले, "झालं की. चालू बी झालं."

"सगळं तिनंच केलेलं?"

"तिनंच केलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते गृहस्थ मात्र कौतुकानं बघत होते. "व्हय का, बाई?"

आप्पांच्या हातातला पाना थांबला होता. आठ दिवसांत पहिल्यांदा मला वाईट वाटलं. माझ्या भागाचं नव्हे, तर आप्पांना खोटं बोलावं लागलं याचं, आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हतं याचं.

"हो," मी म्हणाले. "चालू झालं."

ते गृहस्थ समोरच्या दुकानातून पावशेर पेढे घेऊन आले. पहिला पेढा त्यांनी आप्पांच्या हातावर ठेवला. आप्पांनी तो थोडा वेळ तसाच धरला, मग माझ्याकडं न बघता खाल्ला.