राखून ठेवलेल्या साड्या

माझे सासरे साड्या विकत नाहीत, साड्यांची स्थळं जुळवतात. शहाद्याच्या बाजारात आमचं लहानसं दुकान आहे. आप्पा माल आणायला सुरतेला जायचे आणि तिथे साडी उलगडली की त्यांना साडीआधी बाई दिसायची. ही म्हसावदच्या मामींची, ही प्रकाशा गावच्या बाईंच्या धाकटीची. कोणी सांगितलेलं नसायचं. अशा साड्या परत आल्यावर गादीमागच्या कपाटात जायच्या आणि त्या त्या बाईची वाट बघत बसायच्या. ती बाई वर्षानं यायची आणि नेमकी तीच घेऊन जायची. मला हे पटत नाही, पण डोळ्यांनी पाहिलंय.

मग गिऱ्हाईक कमी होत गेलं. त्याच मामींच्या सुना फोनवर साड्या मागवायला लागल्या. आप्पांनी सुरतेला जाणं बंद केलं. मी एकदा विचारलं, तर गादीवरून न उठता म्हणाले, "कोनासाठे आनू?"

हा माणूस गादीवर नुसता बसून राहिलेला मला बघवत नव्हता. लग्नाआधी नाशिकला मी एका ऑफिसात वेबसाइटचंच काम करायचे. म्हटलं, दुकान ऑनलाइन करू. नवरा शाळेत मास्तर. "तू बघ" म्हणाला आणि वह्या तपासायला बसला. आप्पांनी मात्र सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मंग मन्हं काय काम ऱ्हायनं?"

मी म्हटलं, तुम्ही साड्यांची माहिती सांगा, मी लिहिते. नमनालाच घडाभर तेल गेलं. मी कापड विचारलं की ते म्हणायचे, ही ठेंगण्या बाईले देऊ नको. लांबी विचारली की म्हणायचे, ही नेसणारी हसरी पाहिजे. मी वैतागून 'रुंद काठ, मऊ पोत' असं लिहून पुढे सरकायचे.

एका रविवारी आप्पा प्रकाशाला देवदर्शनाला गेले. फोटोंचं काम उरकायचं म्हणून मी गादीमागचं कपाट उघडलं. दुकानातला सगळ्यात देखणा माल तिथेच होता. त्या साड्या राखीव आहेत हे मला माहीत होतं. पण न मागितलेली साडी कसली राखीव, असं म्हणून मी सगळ्यांचे फोटो काढले आणि वेबसाइटवर चढवले.

ऑनलाइन दुकान सुरू झालं आणि चौथ्या दिवशी पहिली ऑर्डर आली, तीही पुण्याहून. मोरपंखी रंगाची, लाल काठाची साडी. सासूबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. मी साडी घेऊन मिरवत आप्पांकडे गेले.

"ही ब्राह्मणपुरीवाली वहिनीनी शे," आप्पा म्हणाले.

"त्यांनी सांगून ठेवलीय का?"

"सांगाले कशाले पाहिजे?"

मी कपाळावर हात मारला. भांडले, विनवण्या केल्या, सासूबाईंना मध्ये घातलं. आप्पांनी साडी कपाटात ठेवली आणि म्हणाले, "फोन लाव. मी बोलस."

पलीकडे एक तरुण बाई होती. आप्पा ठेवणीतल्या मराठीत म्हणाले, "ताई, ती साडी दुसऱ्यांची आहे. चुकीनं फोटोत आली." ती चिडेल म्हणून मी डोळेच मिटले. पण ती म्हणाली, "असू दे काका. मला तसंही काही शोभत नाही. सावळी आहे, त्यात ताडमाड उंच. दुकानात गेलं की फिक्याच साड्या पुढे टाकतात."

आप्पा गादीवर सरळ झाले. ठेवणीतली मराठी तिथेच गळून पडली. "फिक्या? कोन शे तो दुकानदार?" मग अर्धा तास चौकशी चालली. खांदे कसे, चाल कशी, साडी कशासाठी हवी. ती नव्या नोकरीवर रुजू होणार होती. मला वाटलं, आता दुसरी साडी खपवतील. आप्पांनी कपाटावरून नजर फिरवली आणि खरं तेच सांगितलं, "ताई, आज मन्हाकडे तुमनी साडी नही."

मी ऑर्डर रद्द केली आणि सासऱ्यांशी बोलणं सोडलं. ब्राह्मणपुरीच्या वहिनी त्याच आठवड्यात आल्या आणि मोरपंखी साडी काखेत मारून गेल्या. आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हा त्यांचा मोठेपणा.

पुढच्या सोमवारी सकाळी बघते तर आप्पा पायात वहाणा चढवत होते. सुरतेची गाडी धरायची होती. किती महिन्यांनी. सासूबाई डब्यात दशम्या भरत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. माझा अबोला अजून चालू होता, म्हणून मी नुसती पाण्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी ते परतले ते एक गठ्ठा घेऊन. त्यातली एक साडी त्यांनी उलगडली. गडद जांभळी, हातभर रुंद, मोहरीच्या फुलांसारखा पिवळा काठ. आपल्या खांद्यावर टाकून त्यांनी आरशात पाहिलं, जसं गिऱ्हाइकाला दाखवायला टाकतात तसं. मी सवयीनं मोबाईल काढला.

"हिना फोटू काढू नको," आप्पा म्हणाले. "ही पुणावाली ताईनी शे."

त्या बाईचा चेहरा आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"ताई," आप्पा म्हणाले, "तुमनी साडी येल शे."

साडी तर आली होती, आणि रद्द झालेल्या ऑर्डरमधला पत्ता मी पुसला नव्हता. खोकं घेतलं आणि त्यावर तो लिहायला बसले.