अकरा, म्हणजे साडेदहा धरा

हेलसिंकीजवळच्या आमच्या बेटावर शेजारच्या ताउनो आजोबांबद्दल एक गोष्ट सांगतात. सत्त्याऐंशी सालच्या थंडीत समुद्र असा काही गोठला होता म्हणे, की आजोबा गळ्यात थर्मास अडकवून बर्फावरून दक्षिणेला निघाले ते थेट पलीकडच्या किनाऱ्याला, टॅलिनला जाऊन पोचले. तिथल्या सोव्हिएत पहारेकऱ्याने दरडावून विचारलं, "कागदपत्रं?" आजोबांनी थर्मासचं झाकण पुढे केलं. दोघांनी उभ्याउभ्या कॉफी घेतली आणि आजोबा रात्रीच्या जेवणाला घरी हजर. ऐंशी किलोमीटर जाणं, ऐंशी येणं. पेट्रोल पंपावरचा माणूस तर त्या पहारेकऱ्याचं नावसुद्धा सांगतो, आणि दर वेळी वेगळं सांगतो.

ही गोष्ट खोटी आहे. मी खुद्द आजोबांनाच विचारलंय.

"टॅलिन?" आजोबा म्हणाले. "मी गेलो सहाशे मीटर. आणि बुडालो."

खरं झालं ते असं. दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या पोरांना बर्फावरून न्यायचं होतं म्हणून आजोबा आदल्या दिवशी एकटेच वाट तपासून यायला गेले. थंडी एवढी कडक, मोजायचं काय त्यात, असं म्हणून त्यांनी मधल्या अरुंद पट्ट्यात गिरमिटाने भोक पाडून बर्फाची जाडी बघितलीच नाही. तिथे खालून प्रवाह वाहतो. बर्फ तिथे पातळ होता आणि आजोबा छातीपर्यंत आत गेले. गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोचे होते, ते बर्फात रोवत रोवत बाहेर आले. ओले, कुडकुडत किनाऱ्यावरच्या टपरीत शिरले आणि कॉफी मागितली. टपरीतल्या बाईने विचारलं, "कुठून आलास असा?" आजोबांचे दात एवढे वाजत होते की उत्तर काय आलं ते कुणालाच कळलं नाही. टॅलिन हे नाव तिथे कुणी घातलं, ते आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवशी टपरीतच, अंगावर टपरीवालीच्या नवऱ्याचा कोट घेऊन, आजोबांनी एक नियम केला. बर्फ पंधरा सेंटीमीटर असेल तर पोरं जाणार. नसेल तर नाही. आणि पट्टीवर जो आकडा दिसेल त्यातून अर्धा वजा करून सांगायचा. का, तर माणसाचा डोळा आशेने वाचतो.

तेव्हापासून ते आकडा असाच सांगतात. "सतरा. म्हणजे साडेसोळा धरा." तो 'धरा' म्हणताना आवाज खाली बसवतात, ट्राम थांब्यावर उभी राहावी तसा. चौतीस वर्षं ट्राम चालवली आहे त्यांनी. थोड्याच शब्दांत, सपाट, शेवटी ब्रेक. 'हो' म्हणायचं असलं की श्वास बाहेर न सोडता आत ओढतात, गरम बटाटा तोंडात गेल्यासारखा. आमच्याकडे म्हातारी माणसं तसं करतातच, पण आजोबांचा 'हो' ऐकला की वाटतं खोलीतली हवाच थोडी कमी झाली. मला हा सगळा आवाज हुबेहूब काढता येतो. आई म्हणते हा काही गुण नव्हे. आजोबा मला 'पोपटे' म्हणतात.

पोरांना न्यायचं म्हणजे कुठे, तर पिक्कुलुओतोला. नावालाच बेट. एक खडक, त्यावर एक वाकडं पाइनचं झाड आणि शेकोटीची जागा. एक्क्याऐंशी सालापासून बालवाडीतली सहा वर्षांची प्रत्येक तुकडी आजोबांनी तिथे नेली. पुढे आजोबा, हातात पहार, दर दहा पावलांवर बर्फावर ठोकत. मागे एकाच दोरीला धरून अठरा पोरं, प्रत्येकाच्या गळ्यात टोचे. पहारवाल्याच्या पुढे जायचं नाही. आणि आजोबा ट्रामच्या आवाजात थांबे सांगायचे: "पुढचा थांबा, चटई धुण्याचा धक्का. पुढचा थांबा, समुद्र. दारं आपोआप उघडत नाहीत."

खडकावर पोचलं की सॉसेज भाजायचे, गरम करवंदी रंगाचा बेरींचा रस प्यायचा, आणि मग मागे वळायचं. तिथून शहर दिसतं. गोदीच्या क्रेन, हिरवे घुमट, विजेच्या कारखान्याची चिमणी, सगळं एका रेषेत, सगळं आपल्याकडे तोंड करून. आजोबा म्हणायचे, "हेलसिंकी समुद्राकडे तोंड करून बसलंय. तुम्ही त्याच्या मागे राहता. रोज त्याची मान बघता. आज तोंड बघा." मग एक मिनिट कुणी बोलायचं नाही. अठरा पोरं, आणि एक मिनिट खरंच कुणी बोलायचं नाही.

दहा वर्षांपूर्वी मी त्या दोरीला होते. माझी लांबलचक बडबड त्या एका मिनिटात बंद झाली याचं आईला अजून नवल वाटतं.

गेले दोन हिवाळे समुद्र गोठला नाही. दोन तुकड्या तशाच शाळेत गेल्या, शहराची मान बघत. आणि या मार्चच्या पहिल्या तारखेला आजोबा समुद्रापासून लांब, तांपेरेला मुलीकडे राहायला जाणार. खांद्याचं ऑपरेशन झालंय, एकट्याने जिना चढवत नाही, घर विकलं गेलंय. म्हणजे ही तुकडी शेवटची. आणि या तुकडीत आमची हिल्ला आहे, माझी बहीण.

"तांपेरेला तळी आहेत की," मी म्हटलं. "मस्त गोठतात."

"गोठतात," आजोबा म्हणाले. "आणि मधोमध उभं राहून पोरांना दाखवू काय? तांपेरे?"

बालवाडीच्या मुख्याध्यापिका गुनवोरबाई. घरी स्वीडिश बोलणाऱ्या. त्यांचं प्रत्येक वाक्य शेवटी जिना चढून वर जातं आणि गच्चीवर उभं राहून विचारतं, हो ना? त्यांनी सांगून टाकलं होतं: हिवाळी सुट्टीच्या आधीचा शुक्रवार. त्याच्या आत पंधरा झाले तर ठीक, नंतर नाही. "नियम तुमचाच आहे ताउनो, हो ना?"

आजोबांनी श्वास आत ओढला. हो.

जानेवारीत अचानक कडाका पडला. खांद्यामुळे आजोबांना गिरमिट फिरवता येईना, म्हणून ते मी फिरवायचे. शाळा सुटली की किनाऱ्यावर. बर्फाला भोक पाडायचं, त्यात आकडेवाली पट्टी सोडायची, तिचं वाकडं टोक बर्फाच्या खालच्या काठाला अडकवायचं, आणि वाचायचं. आजोबा गुडघ्यावर बसून चष्मा वर सरकवायचे. चार, म्हणजे साडेतीन धरा. सहा. साडेसात. नऊ. दर गुरुवारी गुनवोरबाईंना फोन. हिल्लाने फ्रिजवर कागद लावला होता, त्यावर रोज एक निळी रेघ ओढायची, मागच्यापेक्षा उंच. आपण रेघ ओढली की बर्फ वाढतो, अशी तिची समजूत झाली होती. एकदा मी विसरून तिच्यासमोर म्हटलं, "रेघेने काय होतंय?" तर तिने त्या दिवशी दोन ओढल्या.

मग फेब्रुवारी उजाडला आणि थंडी तशीच थांबली. वाढेना, उतरेना. आकाश चुरगळलेल्या चादरीसारखं. आजोबा सकाळी सहाला बाल्कनीत तापमापक बघायचे, आठला बघायचे, दहाला बघायचे. मी एकदा गेले तर ते तापमापकासमोर नुसते उभे होते, कुणाच्या तरी दारात बेल वाजवून उभं राहावं तसे.

"आजोबा, बघून पारा खाली येतो का?"

"नाही," ते म्हणाले. "पण न बघून वर गेला तर?"

शेवटच्या गुरुवारी सकाळी माझी पहिली तासिका नव्हती. आम्ही किनाऱ्यावर गेलो. रेडिओवर सांगितलं होतं, शुक्रवारी दुपारपासून पाऊस. फेब्रुवारीत पाऊस. मी तीन ठिकाणी गिरमिट मारलं. धक्क्याजवळ तेरा. पुढे बारा. प्रवाहाच्या पट्ट्यात, जिथे आजोबा बुडाले होते तिथे, अकरा.

आजोबांनी पट्टी बाहेर काढली, पुसली, परत आत सोडली. परत अकरा. मग ते तिथेच भोकाशेजारी बसून राहिले. भोकातलं काळं पाणी वरखाली होत होतं, श्वास घेतल्यासारखं.

"अकरात माणूस चालतो की आरामात," मी म्हटलं. "सगळ्यांना माहितीये. आपण दोघं आत्ता उभे नाही का?"

"उभे आहोत."

"पोरं तर हलकी असतात."

"अठरा हलकी पोरं एका जागी पळत येऊन गोळा होतात," आजोबा म्हणाले. "कुणाला तरी मासा दिसतो आणि सगळी तिथेच. तू दहा वर्षांपूर्वी हेच केलंस. तुला दिसला होता तो बूट होता."

त्यांनी खिशातून फोन काढला. म्हाताऱ्यांचा असतो तसला, मोठ्या बटणांचा. हातमोजा काढला. गुनवोरबाईंचं बटण एक नंबरचं. अंगठा त्याच्यावर ठेवला आणि ठेवलेलाच राहिला. मी मनात मोजायला लागले आणि पन्नासवर सोडून दिलं. त्यांचा अंगठा लाल झाला होता.

"पोपटे," ते म्हणाले, "आज तू बोल."

"मी? काय बोलू?"

"मी बोलतो ते. माझ्या आवाजात. मला जमेल असं वाटत नाही."

त्यांच्या तोंडून 'जमत नाही' मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ते वाक्य कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं, अजून येत नाही.

"पंधरा म्हणून टाकते," मी म्हटलं. म्हटलं तेव्हा गंमत म्हणून म्हटलं, पण तोंडातून गेल्यावर ती गंमत राहिली नाही. "तुम्ही खोटं बोललात असं होणारच नाही. मी बोलले. पंधरा, म्हणजे साडेचौदा धरा. साडेचौदाला बाई नाही म्हणणार नाहीत."

"तुला म्हणता येईल?"

"तुमच्या आवाजात मला काहीही म्हणता येतं. ख्रिसमसला तुमच्या मुलीशी तीन मिनिटं बोलले मी. तिने मला गोळ्या घ्यायची आठवण करून दिली."

"घेतल्यास का?"

"आजोबा!"

"लाव पैज," ते म्हणाले. "नाही म्हणता येणार तुला."

पैज मंगळवारच्या बनची. ईस्टरच्या उपासांआधीच्या मंगळवारी आमच्याकडे सगळे सायीचे बन खातात, आणि सगळं शहर दोन तटांत फुटतं: बदामाचं सारण की जॅम. मी बदामवाली. आजोबा जॅमवाले, आणि बदामवाल्यांना ते माणसात धरत नाहीत. हरेल त्याने दुसऱ्याचा बन खायचा, शेवटच्या घासापर्यंत, तोंड वाकडं न करता.

त्यांनी बटण दाबलं, फोन तळहातावर आडवा धरून माझ्या तोंडासमोर आणला.

"ताउनो!" गुनवोरबाईंचा आवाज जिना चढत आला. "मी वाटच बघत होते. मुलं विचारून विचारून थकली. सांगा, हो ना?"

मी श्वास आत ओढला. गरम बटाटा. "हो." हुबेहूब झाला. समोर आजोबांच्या भुवया वर गेल्या.

"किनाऱ्यावर आहे," मी म्हटलं. सपाट. ब्रेक. "तीन ठिकाणी बघितलं. वारा नाही."

"आणि?"

पंधरा. शब्द जिभेवर तयार होता. पण त्या आवाजात बोलायला लागलं की आवाज आपल्या वाटेनेच जातो. रूळ बदलायचा खटका कुठे असतो ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आजोबांकडे बघत होते, आजोबा भोकाकडे बघत होते, आणि मला ऐकू आलं की मी म्हणतेय:

"अकरा. म्हणजे साडेदहा धरा."

पलीकडून पोरांचा गलका येत होता, त्यात हिल्लाचा आवाज मी कुठेही ओळखेन. ती कुणाला तरी सांगत होती की तिच्या रेघा फ्रिजच्या वरच्या कप्प्यापर्यंत पोचल्यात.

"बरं, ताउनो," गुनवोरबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचं वाक्य खाली उतरलं. "सांगते मुलांना." मग, "आणि त्या मुलीला म्हणावं, टोपी घाल."

आजोबांनी फोन बंद केला तेव्हा मला दिसलं, त्यांचा अंगठा पूर्ण वेळ फोन कापायच्या लाल बटणावरच होता.

शुक्रवारी दुपारी पाऊस आला, सांगितल्याप्रमाणे. रविवारपर्यंत बर्फावर पाणी साचलं, सोमवारी तो करडा झाला. हिल्लाने फ्रिजवरचा कागद काढला नाही, पण रेघ ओढणं थांबवलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी आम्ही किनाऱ्यावरच्या बेकरीत बसलो. काचेतून पिक्कुलुओतो दिसत होतं, त्याच्या भोवती पाणी. आजोबांनी माझ्यासमोर जॅमचा बन सरकवला आणि हात बांधून बसले. मी खाल्ला. साय, जॅम, सगळा, शेवटच्या घासापर्यंत. तोंड वाकडं केलं नाही.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगला," मी त्यांच्याच आवाजात म्हटलं. "म्हणजे बरा धरा."